भोक पाडलेली किल्ली

गेल्या वर्षी माघ पौर्णिमेला, सकाळचा चहा झाल्यावर, धानाच्या गिरणीची किल्ली माझ्या हातात आली. हजर माणसं पाच. माझे सासरे, माझी बायको शालिनी, तिची धाकटी बहीण माया, मायाचा नवरा दिवाकर आणि मी. देणारा दिवाकर, घेणारा मी. रक्कम निरंक. जिच्यासाठी मी आठ वर्षं आतल्या आत जळत होतो ती किल्ली मला फुकट मिळाली. त्यामुळे तक्रारीलाही जागा उरली नाही.

दिवाकर माझा साडू. नात्याने मी थोरला आणि तो धाकटा. सासरी या थोरलेपणाचा मला एवढाच उपयोग झाला, की पंगतीत भाकर आधी माझ्या ताटात पडायची आणि त्याच्या ताटात नंतर, पण गरम.

तो पंधरा वर्षं नौदलात होता. पाणबुडीत नाही, तोफेवर नाही. एका जहाजावर मागच्या टोकाला दोन हेलिकॉप्टरं असत, त्यांचे सुटे भाग त्याच्या ताब्यात असायचे. म्हणजे तो भांडारवाला. मीसुद्धा भांडारवाला. ऊर्जानगरला वीज केंद्राच्या भांडारात मी सगळी नोकरी काढली. बॉयलरच्या नळ्या, कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यांचे रोलर, पंपांच्या सील, बेअरिंगा. माझ्या एका चुकीने निम्म्या जिल्ह्याचे पंखे बंद पडू शकले असते. ते पडले नाहीत, म्हणून कोणाला माझं नाव माहीत नाही. दिवाकरच्या हेलिकॉप्टरमध्ये तीन-चार माणसं बसायची, आणि त्याचं नाव मूल गावापासून सिंदेवाहीपर्यंत माहीत.

सासऱ्यांना आम्ही दोघंही मामाजी म्हणतो. घरी पाहुणा आला की मामाजी ओळख करून द्यायचे.

"हे आमचे नेवीवाले जावई. जहाजावर हेलिकाप्टर सांभाळत."

"अरे बापा! आन् हे?"

"हे मोठे जावई."

"हे काय करते?"

"हे बिजलीत हायेत," मामाजी सांगायचे, आणि पाहुण्याची खुर्ची दिवाकरकडे सरकायची. कोळशाच्या पट्ट्याच्या रोलरची एखादी गोष्ट सांगा, असं मला आजवर कोणी म्हटलेलं नाही.

दिसायला तो काही खास नव्हता. बुटका, पुढे थोडं पोट, कानांवर पांढरे केस. पण चालताना त्याचे डोळे जमिनीवर असायचे. वाटेत खिळा, तारेचा तुकडा, नटबोल्ट, काहीही दिसलं की वाकायचा, उचलायचा आणि खिशात टाकायचा. रात्री माया त्याची पँट खुंटीला लावायची तेव्हा खिसे वाजायचे. जहाजावर म्हणे हेलिकॉप्टर उडण्याआधी सगळे जण खांद्याला खांदा लावून एका ओळीत उभे राहत आणि डेककडे बघत हळूहळू चालत जात. एखादा वायसर जरी पडलेला असला तरी पंख्याच्या वाऱ्याने उडून इंजिनात जायचा. नौदल सोडलं, पण ती चाल काही त्याने सोडली नाही.

मामाजींच्या गावी राहायला आल्यावर पहिल्याच हंगामाला त्याने त्यांच्या गिरणीसमोरच्या अंगणात तेच केलं. धान वाळत घालण्याआधी सगळ्यांना ओळीत उभं केलं. गिरणीवरचा लच्छू, धान घेऊन आलेले सात-आठ शेतकरी, त्यांच्या बाया, काठी टेकत मामाजी आणि नेमका त्या दिवशी तिथे आलेला मी. एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत माना खाली घालून चाललो. लच्छू म्हणाला, "मयतीले चालून राह्यल्यासारखं वाटते जी." सगळे हसले. अंगणातून चिमूटभर बारीक खिळे, बांगड्यांचे काच आणि एक दाढीचं पातं निघालं. पातं मला सापडलं. "शाबास, भाऊ!" दिवाकर ओरडला, आणि लोकांनी त्याचं कौतुक केलं. पातं मला सापडलं होतं.

तो सासरी राहायला आला, म्हणजे घरजावई झाला. मामाजींना मुलगा नाही, गुडघे गेलेले, गिरणी बघायला कोणीतरी हवं होतं. आमच्या भागात घरजावयाला काय काय ऐकावं लागतं ते मला माहीत आहे. माझ्या चुलतभावाने ऐकलं आहे. दिवाकरला एकदाही कोणी हिणवलं नाही. उलट गावातले म्हणायचे, आपल्या गावाला नेवीवाला भेटला.

मामाजींनी त्याला किल्ली दिली ती अशी. जेवणं झाली होती. मी हात पुसत होतो. बऱ्याच महिन्यांपासून मी मनात गिरणीचं गणित मांडून ठेवलं होतं. रोजचं लच्छू बघेल, शनिवार-रविवार मी येईन, निवृत्तीनंतर पूर्ण वेळ. कोणत्या वस्तूंचा साठा निष्कारण पडून आहे, कुठे पैसा अडकला आहे, सगळं ठरलं होतं. मामाजींनी कनवटीची किल्ली काढली आणि म्हणाले, "दिवाकरबापू, हे तुमच्यापाशी ठेवा." माझा हात टॉवेलमध्येच राहिला.

परतताना गाडीत शालिनी म्हणाली, "तो तिथी राह्यते, तुम्ही पन्नास किलोमीटरवर. बाबा काय करतील?"

"मी काही म्हटलं का?"

"म्हणून तर मले समजलं."

मी तिकडे जाणं कमी केलं नाही. उलट वाढवलं. तो काय काय चुकतो ते बघायचं होतं.

पहिली चूक मला लवकरच सापडली. आता हा विषय माझ्या धंद्याचा आहे, म्हणून नीट सांगतो. हेलिकॉप्टरच्या पुष्कळशा भागांना आयुष्य ठरवून दिलेलं असतं. इतके तास उडालं की तो भाग काढायचा. तो खराब झाला म्हणून काढत नाहीत, तास संपले म्हणून काढतात. डोळ्यांना नवा दिसला, हाताला गुळगुळीत लागला, तरी काढायचा. आणि काढून नुसता बाजूला ठेवायचा नाही. त्याला भोक पाडायचं किंवा कापायचं, म्हणजे पुढे कोणी अडीअडचणीला मोह होऊन तो परत लावू शकणार नाही. मामाजींच्या बैठकीत दिवाकरने आणलेली एक बेअरिंग होती. रीतसर परवानगी घेऊन आणलेली, आरशासारखी चकचकीत, आणि एका बाजूने कापलेली. तिच्याखाली मामाजींच्या वीजबिलांचा गठ्ठा असायचा. प्रत्येक पाहुणा ती उचलून बघायचा. "एवढी चांगली वस्तू कापली काऊन जी?" असं विचारायचा, आणि दिवाकरला तेच हवं असायचं.

ही जहाजावरची रीत त्याने गिरणीला लावली. गिरणीच्या दाराच्या आतल्या बाजूला तो खडूने तास मांडायचा. मोठ्या मोटारीचा पट्टा किती तास चालला, ते. ऐन हंगामात, अंगणात पाच ट्रॅक्टर उभे असताना, त्याने एका सकाळी गिरणी बंद केली.

"काऊन बंद केली?" बाहेरून ओरडा झाला.

"पट्ट्याचे तास भरले."

"तुटला का?"

"नाई तुटला. तास भरले."

मी पुढे झालो. पट्ट्यावरून हात फिरवला. कुठे चीर नाही, धागा सुटलेला नाही. मनात म्हटलं, आता सापडलास. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "दिवाकर, हा पट्टा अजून वर्षभर चालला असता."

"चालला असता, भाऊ," तो म्हणाला. "मी कुठी नाई म्हणून राह्यलो?"

"मग?"

"मग काय? चांगला हाय म्हणूनच आज आपल्या मर्जीनं काढून राह्यलो. खराब झाल्यावर तो त्याच्या मर्जीनं निघंन."

त्याने चाकू घेतला आणि चांगला पट्टा सगळ्यांसमोर तीन ठिकाणी कापला. मी असा माणूस आहे की टूथपेस्टची नळी लाटण्याने लाटतो. मला वाटलं, आता लोक चिडतील. एक म्हातारा शेतकरी उठला, कापलेला तुकडा उचलला आणि म्हणाला, "नेवीवाले, हा मले द्या. फाटकाले बिजागरी करतो." दुसऱ्याला चपलेच्या तळाला हवा होता. तिसरा नुसताच मागायला लागला. दहा मिनिटांत त्या पट्ट्याचा प्रसाद वाटून झाला, आणि नवा चढवेपर्यंत अर्धा दिवस लोक तिथेच बसून राहिले. त्याला "गिरणी चालव" असं कोणी म्हटलं नाही. मी चालवली असती तर म्हटलं असतं.

पट्टा खरंच चांगला होता. आजही मी तेच म्हणेन.

त्याची खरी चूक झाली तेव्हा मी ऊर्जानगरला होतो. लच्छूचा फोन आला, "गिरणी बंद हाय. स्टार्टरची कॉइल जळली, आन् ते त्यांच्या पेटीत नाई." मी रजा टाकली. खोटं कशाला बोलू, मोटारसायकलवर जाताना मी गाणं गुणगुणत होतो. एक लोखंडी पेटी भरून त्याने सुटे भाग ठेवले होते. रबरी कडी प्लास्टिकच्या पिशवीत, दमट हवा शोषणाऱ्या दाण्यांच्या पुडीसह. बेअरिंगा तेलकट कागदात. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी. चांगलीला पांढरी, निकामीला लाल. आणि जळली ती नेमकी पेटीत नसलेली वस्तू.

पोचलो तेव्हा अंगणात पंधरा माणसं बसली होती, चहा चालला होता आणि दिवाकर मधोमध. कॉइल चंद्रपूरहून दुसऱ्या दिवशी येणार होती. कोणीही वैतागलेलं नव्हतं.

"या भाऊ," तो म्हणाला. "चुकलो. पेटी भरताना ते माझ्या ध्यानातच नाई आलं."

मी बसलो. तो गोष्ट सांगत होता ती पुढे सुरू झाली.

जहाज किनाऱ्यापासून लांब गेलेलं. एका हेलिकॉप्टरची रबराची एक कडी खराब झाली. कडी अंगठीएवढी. कोठीत असलेल्या कड्या बघितल्या तर त्यांची मुदत संपलेली. "रबर नुसतं पडून राह्यलं तरी म्हातारं होते," त्याने समजावलं. समुद्रात दुकान नाही. मग जहाजावर असं करतात, की दोनांपैकी एक हेलिकॉप्टर उभं करायचं आणि त्याचं काढून दुसऱ्याला लावायचं. आज कडी, उद्या पंप, परवा आणखी काही. एक उडत राहतं. दुसरं उभं राहतं, आणि त्याच्या अंगावर लाल चिठ्ठ्या वाढत जातात. काय काढलं, कोणाला लावलं, कोणी काढलं.

"उडते त्याच्याकडे सगळेच पाहत," दिवाकर म्हणाला. "फोटो त्याचेच. साहेब लोकं त्याच्यातच बसत. मी रोज सकाळी पहिले जे उभं असे त्याच्यापाशी जात होतो. त्याले फडक्यानं पुसो. म्हणो, बाबू, आज तुझंच उडून राह्यलं बरं."

म्हातारा शेतकरी म्हणाला, "ते लेकाचं रडत असंन."

"हेलिकाप्टर कायले रडते? मी रडो," दिवाकर म्हणाला, आणि सगळे हसले. तोही हसला.

मला हसू आलं नाही. आमच्या घरात उभं असलेलं कोणतं आणि उडणारं कोणतं, ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. मायाच्या लग्नात मांडवाचा खर्च, सासूबाई होत्या तेव्हा त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन, घराचे पत्रे, सगळीकडे माझं काढून लावलेलं होतं. आणि पुसायला माझ्यापाशी कोणी आलं नव्हतं.

त्या गोष्टीला सहा महिने झाले असतील. मे महिना. आमच्या चंद्रपूरकडचा मे सांगायला नको. आम्ही सासरी मुक्कामाला होतो. दुपारी जेवून मी खोलीत आडवा झालो, कूलर लावला, तर नुसती गरम हवा. उठून बघितलं. कूलरच्या जाळीला लाल चिठ्ठी बांधलेली. "पाण्याचा पंप काढला. मामाजींच्या कूलरला लावला. काढणारा: दिवाकर." खाली सही.

मी चिठ्ठी हातात घेऊन ओसरीवर गेलो. अंगावर बनियन, डोक्यावर ओला टॉवेल. शालिनीने मला बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"मामाजींचा पंप जळला, भाऊ," दिवाकर म्हणाला. "रविवार हाय, मूलचं दुकान बंद. मामाजी पंच्याहत्तरीचे. उद्या सकाळी आणून देतो."

हे बरोबर होतं. मला मान्य होतं. पण इतक्या वर्षांचं साठलेलं बाहेर पडलं. मी म्हणालो, "आणि तुमच्या स्वतःच्या कूलरचा नाही काढला तो? तुम्ही मस्त थंड हवेत झोपा. काढायचं ते नेहमी आमचंच!"

माया काही बोलणार होती, दिवाकरने तिला हाताने थांबवलं. तिने ऐकलं नाही.

"भाऊजी, आमच्या कूलरले पंप हायेच कुठी? लच्छूच्या सुनेचं बाळ सातव्याच महिन्यात झालेलं. परवापासून आमचा पंप त्यायच्या घरी हाय. आम्ही दोघं गच्चीवर झोपून राह्यलो."

मी त्यांच्या खोलीत गेलो. बघायलाच हवं होतं. कूलरवर लाल चिठ्ठी होती. तीच सही. तारीख माझ्या चिठ्ठीच्या दोन दिवस आधीची.

त्या दुपारी मी गरम खोलीत पडून छताकडे बघत होतो. माझ्याकडे एक तक्रार होती, चांगली, बरीच वर्षं जपलेली, आणि तीही या माणसाने काढून नेली होती. संध्याकाळी तो माझ्याशेजारी येऊन बसला. मग म्हणाला, "विचाराले पाहिजे होतं तुम्हाले. जहाजावर बी विचारत असतो पहिले. तुम्ही तवा अंघोळीले गेले होते." मी म्हटलं, "राहू दे." त्याने शर्टाच्या टोकाने माझ्या चष्म्याची काच पुसली आणि चष्मा परत माझ्या हातात दिला. हे त्याने का केलं असेल, हा प्रश्न मी अजून सोडवलेला नाही. त्यानंतर त्याचा राग येणं मला आणखी अवघड झालं, आणि हेवा वाढला.

गेल्या वर्षी माघात आम्ही गेलो तेव्हा मी निवृत्त होऊन पाच महिने झाले होते. चहा झाला. दिवाकरने बशी खाली ठेवली आणि उजवा हात समोर धरला.

"पाहा," तो म्हणाला.

आम्हाला काही दिसलं नाही. मग दिसलं. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट बारीक हलत होतं. वाऱ्यावर पान हलावं इतकंच.

"या महिन्यात माझ्या हातून तीन डाव नट पडला. चालू पट्ट्याच्या बाजूले. डॉक्टर म्हणते नसेचं हाय, गोळ्या घ्या, हळूहळू वाढंन."

हे कोणालाच माहीत नव्हतं. मायालाही डॉक्टरपर्यंतचंच माहीत होतं, नटाचं नाही. मी एवढा त्याच्या चुका शोधत फिरणारा, माझ्याही नजरेतून सुटलं होतं.

मामाजी म्हणाले, "मंग का झालं? लच्छू हाय. तुम्ही खुर्चीवर बसून सांगजा. अजून दहा वर्षं चालवू शकता जावईबापू."

"चालवू शकतो, मामाजी," दिवाकर म्हणाला. "म्हणूनच आज सोडून राह्यलो."

त्याने किल्ली माझ्यापुढे धरली. "भाऊ, तुम्हीच पाहा आता. तुमच्याइतकं भांडार या घरात कोणाले समजत नाई. मी पहिल्यापासून म्हणून राह्यलो मामाजीले. विचारा."

मी मामाजींकडे बघितलं. मामाजी खाली बघत होते. म्हणजे खरं होतं. म्हणजे मला नको असलेली शिफारससुद्धा त्याचीच.

किल्ल्या दोन होत्या. एक मला दिली. दुसरी, जुनी, मामाजींच्या कनवटीला असायची ती, त्याच्या खिशात होती. मामाजींनी ती त्याच्याकडेच ठेवायला सांगितली. "कधी लागली तं."

"नाई," दिवाकर म्हणाला. तो उठला, गिरणीत गेला. आम्ही मागोमाग गेलो. त्याने ती किल्ली टेबलाच्या लोखंडी शिकंज्यात आवळून पकडली, ड्रिल घेतलं. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि किल्लीच्या दात्यांमधून आरपार भोक पाडलं. दोन दाते उडाले. मामाजी "अरे अरे" म्हणत राहिले, जणू त्यांच्याच तळहातात भोक पडत होतं.

मी म्हणालो, "स्पेअर म्हणून तरी ठेवायची." आयुष्यभर स्पेअर सांभाळलेल्या माणसाला हे मी सांगावं, हे माझं मलाच विचित्र वाटलं.

"स्पेअर तुमची तुम्ही बनवून घ्या, भाऊ. हिचे तास संपले." त्याने जमिनीवर पडलेले दाते शोधून उचलले. दोन्ही सापडेपर्यंत उठला नाही.

ती भोक पाडलेली किल्ली मामाजींनी बैठकीत बुद्धाच्या फोटोखालच्या खिळ्याला अडकवली आहे. कापलेली बेअरिंग तिच्याखालीच असते. पाहुणे आता दोन्ही बघतात. गिरणी ज्या किल्लीने उघडते ती माझ्या खिशात असते. ती दाखवा असं कोणी म्हणत नाही. मला एका किल्लीचाही हेवा वाटतो, हे शालिनीला सांगितल्यावर ती दोन दिवस हसत होती.

होळीच्या आधी खडूने मांडलेले तास भरले. अंगणात चार ट्रॅक्टर उभे होते. गिरणीच्या बाहेर बाकड्यावर दिवाकर बसला होता, चहाचा पेला दोन्ही हातांत धरून. भोवती नेहमीची मंडळी. त्या महिनाभरात तो एकदाही आत आला नव्हता, काही सुचवलं नव्हतं. मी लच्छूला गिरणी बंद करायला सांगितली.

"काऊन बंद केली?" बाहेरून आवाज.

"पट्ट्याचे तास भरले," मी म्हणालो.

"चांगला तं दिसून राह्यला."

चांगलाच होता. मी हात फिरवून बघितला होता, दोनदा. माझ्या हाताने चांगली वस्तू कापायची वेळ आयुष्यात पहिल्यांदा आली होती. मी चाकू घेऊन दारात उभा राहिलो. सगळ्यांच्या माना बाकड्याकडे वळल्या. नेवीवाले काय म्हणतात ते बघायला. माझीही वळली.

बाकडं रिकामं होतं. अर्धा पेला चहा तिथे ठेवलेला, त्यातून वाफ निघत होती. दिवाकर बांधावरून घराकडे निघाला होता. त्याला हाक ऐकू गेली असती इतकाच लांब होता. त्याने मान वळवली नाही. पळसाच्या झाडाशी थांबला, वाकला, काहीतरी उचललं, खिशात टाकलं आणि पुढे गेला. त्याच आठवड्यात, मी ऊर्जानगरला घरी गेलो असताना, तो आणि माया त्यांच्या मुलीकडे राहायला गेले. मी त्याला शेवटचं पाहिलं ते असं, पाठमोरं.

मग माना परत माझ्याकडे वळल्या. दुसरं कोणी उरलंच नव्हतं. मी पट्टा कापला. तीन ठिकाणी.

"मोठे जावई," म्हातारा शेतकरी म्हणाला, "त्यातला एक तुकडा मले राहू द्या."

नव्या पट्ट्याचे बत्तीसशे रुपये चंद्रपूरच्या दुकानदाराला दिले, रोख. आणखी एका पट्ट्याचे बत्तीसशे दिले, तो पेटीत पांढरी चिठ्ठी लावून ठेवला आहे. दिवाकरच्या अर्ध्या राहिलेल्या चहाचे दहा रुपये गिरणीजवळच्या टपरीवाल्या बाईला मी द्यायला गेलो. ती म्हणाली, "नेवीवाले देऊन गेले. तुमच्या चहाचे बी."